आठ जहाजं, अपुरी शिधा आणि पूर्वेचा वारा

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या व्हेराक्रूझहून पूर्वेला निघाले तेव्हा माझ्या ताफ्यात आठ जहाजं होती. 'सिड मायर्स पायरेट्स' हा चाच्यांचा व्हिडिओ गेम त्याहून जास्त ठेवूच देत नाही, त्यामुळे मी अगदी मर्यादेला टेकले होते आणि त्याचा अभिमानही वाटत होता. कॅरिबियनच्या पूर्व टोकाच्या बार्बाडोस बेटाला पोचले तेव्हा तीन उरली. लढाईत एकही बुडालं नव्हतं. बाकीची माझ्याच माणसांनी पळवली.

मी २००४ चा गेम खेळते. मूळचा १९८७ चा. मैदान कॅरिबियन समुद्राचं. स्पेन, इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंड यांची आपापली बंदरं आणि आपापसातली युद्धं. मी सुरुवात १६६० पासून केली होती. त्याआधी पाचच वर्षं, १६५५ मध्ये, इंग्रजांनी जमैका स्पेनकडून घेतलं होतं, त्यामुळे तिथल्या पोर्ट रॉयल बंदरावर इंग्रजी झेंडा दिसतो. मॉर्गन आणि ब्लॅकबिअर्ड या दोन नामांकित चाच्यांना मात्र गेमने एकाच काळात आणून बसवलंय. इतिहासात ते शक्य नाही, पण एका समुद्रावर दोघांना गाठता येतं याचा मला आनंदच होतो.

त्या फसलेल्या सफरीचं कारण शोधायला मला बराच वेळ लागला. इथला वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून वाहतो. बार्बाडोसहून पश्चिमेला जाताना जहाज नुसतं घरंगळत जातं, तेव्हा परतीचा विचार कुणाच्या मनात येतो? परतताना मात्र वारा तोंडावर. त्यात ताफ्याचा वेग म्हणजे सगळ्यात हळू जहाजाचा वेग. माझ्याकडे दोन जडशीळ गॅलिऑन (मोठी, उंच शिडाची जहाजं) होते, शिडं फाटलेले, आणि बाकीची सहा जहाजं त्यांच्या मागे रखडत होती. माणसं तीनशेच्या वर. शिधा आधी चार महिन्यांची दिसत होती, मग दोनची, मग संपलीच. क्रूच्या चेहऱ्याचं चिन्ह हसऱ्यावरून नाराज झालं आणि नाराजवरून बंडखोर. क्यूबा ओलांडायच्या आतच पहिलं जहाज रात्रीतून गेलं, माणसांसकट.

तोपर्यंत मी 'जास्त माणसं म्हणजे जास्त ताकद' असं धरून चालत होते. पण समुद्रातल्या लढाईत उतरतं ते फक्त फ्लॅगशिप, म्हणजे कप्तानाचं स्वतःचं जहाज. मागची सात जहाजं नुसती गोदामं. त्यांच्यावरची माणसं खातात, लुटीत वाटा मागतात आणि तोफेला हातही लावत नाहीत. क्रू खूश राहतो तो माणशी किती सोनं येतं यावर. म्हणून दीडशे माणसांत वीस हजार आणि तीनशे माणसांत वीस हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय सफर जितकी लांबते तितका त्यांचा धीर सुटतो, मग पेटीत कितीही असो.

नवी सफर मी तीनच जहाजांच्या हिशोबाने सुरू केली. फ्लॅगशिप म्हणून स्लूप ऑफ वॉर हे छोटं, चपळ लढाऊ जहाज, माल ठेवायला एक बार्क जातीचं जहाज आणि तिसरी जागा पकडलेल्या जहाजासाठी मोकळी. काही पकडलं की ते वारा पाठीशी ठेवून जाता येईल अशा जवळच्या बंदरात नेऊन विकायचं, मागे ओढत फिरायचं नाही. जास्तीच्या तोफाही विकायच्या. त्या मालाची जागा खातात आणि पैसे बरे देतात. पकडलेल्या जहाजांवर कधी कधी कारागीर भेटतात, त्यांना मात्र सोडायचं नाही. माझ्या मते पिंपं बनवणारा कूपर सगळ्यात मोलाचा, कारण तो असला की शिधा जास्त दिवस पुरते. त्याच्यानंतर शिडं दुरुस्त करणारा आणि सुतार. तोफांचा उस्ताद मिळाला तर उत्तमच, पण उपाशी माणसांच्या हाती तोफा देऊन काय होणार?

लढाईतही माझं एक चुकत होतं. मी साध्या गोळ्यांवरच भिस्त ठेवायची. ते लांबवर जातात, लागले की लाकूड उडतं, बघायला छान वाटतं. पण जहाज बुडालं की लूट त्याच्यासोबत तळाला जाते, आणि वाचलं तरी इतकं मोडलेलं असतं की विकून काही हाती लागत नाही. साखळीगोळा शिडं आणि डोलकाठ्या तोडतो, पण मध्यम अंतरावरूनच. छर्रे माणसं टिपतात, तेही अगदी जवळून. हे दोन्ही आधी बंदरात पैसे मोजून जहाजावर बसवून घ्यावे लागतात. मी ते कित्येक दिवस टाळत होते. आता नवीन फ्लॅगशिप घेतलं की पहिला खर्च यांचाच.

याची परीक्षा झाली ती कुरासाव बेटाच्या उत्तरेला. समोर स्पेनचा वॉर गॅलिऑन, त्यावर एकशे नव्वद माणसं. माझी ब्याण्णव. त्याच्या एका बाजूच्या तोफा नीट लागल्या असत्या तर माझा खेळ तिथेच संपला असता.

मी शिडं अर्धी गुंडाळली. वेग कमी होतो, पण जहाज चटकन वळतं आणि शिडांना इजाही कमी होते. त्याने बाजू वळवली की मी लगेच माझं तोंड त्याच्याकडे करायची. समोरून जहाज अरुंद दिसतं, त्यामुळे बहुतेक गोळे दोन्ही अंगांनी पाण्यात पडायचे. त्याच्या तोफा पुन्हा भरेपर्यंत मला थोडा अवधी मिळायचा. तेवढ्यात वळायचं, साखळीगोळे सोडायचे आणि पुन्हा तोंड फिरवायचं. पहिली फेरी वाया गेली, दुसरी शिडांत बसली. चौथ्या फेरीला मधली डोलकाठी कलली आणि पाण्यात पडली. गॅलिऑन जवळजवळ जागेवरच थांबला. त्याला वळताच येईना.

मग मी त्याच्या पाठीमागे गेले. तिथे त्याची एकही तोफ पोचत नव्हती. अगदी जवळ जाऊन छर्रे. पडद्यावरचा आकडा एकशे नव्वदवरून एकशे चाळीस झाला, मग शंभर. मोह आवरला नाही तर इथेच घाई होते. मी आणखी दोन फेऱ्या सोडल्या, आकडा सत्तरवर आला, आणि तेव्हाच जहाजाला जहाज भिडवलं. तलवार मी रेपियर, म्हणजे सडपातळ, टोकदार तलवार, घेतली होती. तिचा बचाव कच्चा, पण वार झपाट्याने होतो. त्यांचा कप्तान सुकाणूपर्यंत मागे हटला तेव्हा माझी ऐंशी माणसं उभी होती. गॅलिऑनचं लाकूड जवळपास शाबूत. तशा जहाजाला किंमतही चांगली येते.

तो ठेवून घ्यावा असं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या तोफा, एवढं उंच जहाज! पण व्हेराक्रूझची सफर आठवली आणि तोफांसकट तो विकून टाकला.

क्रू अजून हसरा होता, तरी मी पुढच्याच बंदरात लूट वाटून टाकली. वाटणी केली की माणसं आपापल्या वाटेने जातात, फ्लॅगशिपखेरीज ताफाही जातो, काही महिने सरतात आणि कप्तानाचं वयही तितकंच वाढतं. वयाबरोबर तलवारीचा हात मंदावतो, म्हणून वाटण्या सारख्या करून चालत नाहीत. पण चेहरे पडल्यावर वाटणी करण्यापेक्षा ते हसरे असताना केलेली बरी, कारण तोवर एकही जहाज पळालेलं नसतं.

सध्या माझ्या गेममध्ये १६७१ चालू आहे. ताफ्यात दोन जहाजं, एकशे दहा माणसं, शिधा सहा महिन्यांची. मॉर्गनचं जहाज अलीकडे कुठे दिसलं याची बातमी एका गुत्त्यात मिळाली आहे. जागा पश्चिमेला आहे, म्हणजे जाताना वारा पाठीशी असेल. परतीची शिधा आधीच मोजून ठेवली आहे.