न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स, शाळा आणि आमचं बेसमेंट: माझा अनुभव

न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सच्या असेसमेंटविरुद्ध, म्हणजे टॅक्ससाठी टाउननं लावलेल्या घराच्या किमतीविरुद्ध, अपील करणं अवघड नाही. फॉर्म सोपा आहे, फी किरकोळ आहे, स्वतःच्या घरासाठी वकीलही लागत नाही. अवघड आहे ते टाउनच्या दप्तरात आपल्या घराबद्दल जे चुकीचं लिहून ठेवलंय ते बरोबर करून घेणं. आमचं घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. निकाल आमच्या बाजूनं लागला तरी त्या ऑफिसवरचा राग गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझी तक्रार शाळांवर होणाऱ्या खर्चाबद्दल नाही. आम्ही या गावात आलोच शाळांसाठी. इथली मराठी मंडळी घर बघायला लागली की पहिला प्रश्न ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कोणतं?’ हाच असतो, आमचाही तोच होता. चांगल्या शाळा म्हणजे मोठं बिल, हे धरूनच घर घेतलं. पुण्यात बाबांच्या मिळकतकराच्या बिलातही शिक्षण कराची एक ओळ असायची, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. इथे राज्याची सरासरी काढली तर बिलातला निम्म्याहून थोडा जास्त पैसा शाळांना जातो, आणि २०२४ मध्ये राज्यातलं सरासरी वार्षिक बिल पहिल्यांदाच १० हजार डॉलरच्या वर गेलं. त्यामुळे शाळेचं बजेट हा घराघरातला विषय आहे.

यंदा मार्चमध्ये आमच्या स्कूल बोर्डाची बजेटची मीटिंग खूप तापली. २०१८ मध्ये ‘एस-२’ नावाचा कायदा आला आणि राज्याकडून शाळांना मिळणाऱ्या मदतीची फेरवाटणी सुरू झाली. काही गावांची मदत वाढली, काहींची वर्षागणिक कमी होत गेली. आमचं गाव दुसऱ्या गटातलं. दुसरीकडे टॅक्सची एकूण वसुली वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा, वाढलेली पटसंख्या अशा काही बाबी त्यातून वगळलेल्या आहेत, पण शिक्षकांचे पगार, वीज, बस यांची वाढ त्या २ टक्क्यांत कशी बसवायची? म्हणून बोर्डानं जवळ राहणाऱ्या मुलांची बस बंद करायचं आणि प्राथमिक शाळेतला व्हायोलिन-चेलोचा वर्ग गुंडाळायचं ठरवलं होतं. (प्राथमिकच्या मुलाचं घर २ मैलांहून जास्त लांब असेल तरच बस देणं कायद्यानं बंधनकारक आहे, हायस्कूलसाठी अडीच मैल. त्याहून जवळच्यांची बस ही बोर्डाची मर्जी. घर घेताना हे अंतर मोजून घ्या.)

माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं होती. एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. हातात टॅक्सची जुनी बिलं, रबर बँड लावलेली. म्हणाले, माझी मुलं याच शाळेत शिकली, तेव्हा मी कुरकुर न करता भरलं, पण आता पेन्शनमध्ये हे बसत नाही. त्यांच्यानंतर एक आई आली, तिच्या मुलीचा चेलो बंद होणार होता. दोघांचंही मला पटलं. माझी पाळी आली तेव्हा मी बस आणि संगीत दोन्ही ठेवा असंच म्हटलं, आणि गरज पडली तर नियमात बसेल तेवढा टॅक्स वाढवा असंही म्हटलं.

मग तीच बाई आपलं असेसमेंट कमी करा म्हणून अर्ज कसा करते, असं मला तिथल्याच एका ओळखीच्यांनी विचारलं. उत्तर सरळ आहे. शाळेला किती पैसे लागणार हे बोर्ड ठरवतं. असेसमेंटनं फक्त त्या रकमेची घराघरात वाटणी होते. माझं असेसमेंट चुकून जास्त लागलं तर शाळेला एक डॉलरही जास्त मिळत नाही, मी फक्त दुसऱ्याच्या वाटणीचे पैसे भरते. त्या निवृत्त गृहस्थांचं असेसमेंट चुकलेलं असेल तर तेही हेच करतायत. म्हणून प्रत्येकानं आपलं कार्ड बघावं.

कार्ड म्हणजे प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड. जानेवारीच्या शेवटी असेसमेंटचं पोस्टकार्ड घरी येतं, त्यावर जमिनीचा, इमारतीचा आणि एकूण आकडा असतो, आणि बहुतेक लोक ते जाहिरातींच्या ढिगाबरोबर टाकून देतात. आमचा इमारतीचा आकडा बराच वाढलेला दिसला, म्हणून मी असेसरच्या (घरांचे हे आकडे ठरवणारा टाउनचा अधिकारी) ऑफिसमधून रेकॉर्ड कार्ड मागवलं. ते मागितलं की मिळतं, त्यात काही अडचण आली नाही. त्यावर घराचा रेघांचा आराखडा, खोल्या, बाथरूम, हीटिंग, सगळं असतं. आमच्या कार्डावर होतं: बेसमेंट पूर्ण फिनिश्ड (म्हणजे राहण्याजोगं करून घेतलेलं), त्यात एक फुल बाथरूम.

आमच्या बेसमेंटमध्ये सिमेंटची उघडी जमीन आहे. फर्नेस, वॉटर हीटर, कोपऱ्यात साचलेलं पाणी उपसणारा संप पंप, आणि भिंतीला लावलेली लोखंडी फडताळं. नळाची तोटीसुद्धा नाही. 

इथून पुढे टोलवाटोलवी सुरू झाली. आमच्या गावाचा असेसर अर्धवेळ आहे, छोट्या गावांत असं असतंच. आठवड्यातून एकदा संध्याकाळी भेटतो, तेही आधी वेळ घेतली तर. खिडकीतल्या बाईंनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, “हे परमिटवरून आलंय.” म्हणजे आधीच्या मालकानं बेसमेंट करून घ्यायचं परमिट काढलं, काम केलंच नाही, आणि परमिट उघडंच राहिलं. काम झालं असं धरून दप्तरात नोंद झाली. प्रत्यक्ष येऊन कुणी बघितलेलं नाही.

“मग आता या आणि बघा,” मी म्हटलं.

“परमिट उघडं असेपर्यंत आम्हाला कार्ड बदलता येत नाही. आधी कन्स्ट्रक्शन ऑफिसात ते बंद करून घ्या.”

कन्स्ट्रक्शन ऑफिस त्याच इमारतीत, जिन्यानं खाली. तिथल्या माणसानं फाइल शोधली, फाइल होती. म्हणाला, “परमिट तुमच्या नावावर नाही. ज्यानं काढलं त्यानं बंद करावं.” आधीचा मालक फ्लोरिडात कुठेतरी गेलाय, आमचा त्याचा काही संबंध उरलेला नाही. शेवटी घराच्या डीडची (खरेदीखताची) प्रत आणि ‘हे काम झालेलं नाही’ असं माझ्या सहीचं पत्र दिल्यावर तो तपासणी लावायला तयार झाला. तारीख मिळाली, त्या दिवशी मी कामावरून सुट्टी घेतली, आणि कुणीही आलं नाही. फोन केला तर कळलं, इन्स्पेक्टर आजारी. दुसरी तारीख. त्या दिवशी आला, जिना उतरून खाली गेला, टॉर्चनं एकदा चारी कोपरे बघितले आणि वर येऊन म्हणाला, “इथे काहीच झालेलं नाही.” त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या दोन मिनिटांसाठी मी सगळा फेब्रुवारी आणि अर्धा मार्च खेटे घातले होते.

परमिट रद्द झाल्याचा कागद घेऊन पुन्हा वर गेले. वाटलं, झालं आता. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, “ठीक आहे, पुढच्या वर्षी कार्डात येईल. या वर्षीचा आकडा ठरून गेलाय.”

मी खरंच हादरले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “जाऊ दे ना, पुढच्या वर्षी होतंय तर.” मला ते पटलं नाही, आणि रात्री बसून नियम वाचले. या वर्षीच्या असेसमेंटसाठी घराची किंमत धरतात ती आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरची. आमचं बेसमेंट १ ऑक्टोबरलाही उघडंच होतं. कागद मार्चमध्ये हातात पडला म्हणून बेसमेंट मार्चमध्ये रिकामं झालेलं नाही. म्हणजे याच वर्षीचा आकडा चुकीचा होता आणि याच वर्षी अपील करता येणार होतं. खिडकीवर तोंडी सांगितलेल्या ‘पुढच्या वर्षी’वर विसंबून अनेक जण अपीलाची मुदत घालवून बसतात. तुम्ही तसं करू नका.

अपील असेसरकडे नाही, काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे करायचं असतं. मुदत १ एप्रिल, किंवा पोस्टकार्डं पाठवल्यापासून ४५ दिवस, यातलं जे नंतर येईल ते. ज्या गावात त्या वर्षी सगळ्या घरांचं पुनर्मूल्यांकन झालंय तिथे १ मे. मॉनमथसारख्या काही काउंट्यांत मात्र मुदत १५ जानेवारीलाच संपते, हे आधी बघून घ्या. आणि अर्ज त्या तारखेला बोर्डाच्या हातात पोचलेला हवा, पोस्टाचा शिक्का चालत नाही. फॉर्म ‘ए-१’. एक प्रत असेसरला, एक टाउन क्लार्कला. फी असेसमेंटच्या आकड्यावर आहे, दीड लाख ते पाच लाखांच्या आतल्या घराला २५ डॉलर. टॅक्सचे हप्ते मात्र भरत राहा. थकबाकी असेल तर बोर्ड अपील ऐकूनच घेत नाही.

बोर्ड ‘तुमचा टॅक्स जास्त आहे का’ हे विचारत नाही. ‘१ ऑक्टोबरला घराची बाजारातली किंमत काय होती’ एवढंच विचारतं. त्यामुळे कार्डावरची चूक दाखवून भागत नाही, विक्रीचे पुरावे लागतात. आपल्यासारखी, आपल्या भागातली, १ ऑक्टोबरच्या आधी विकली गेलेली तीन ते पाच घरं शोधायची. नात्यात झालेली किंवा बँकेनं जप्त करून केलेली विक्री धरत नाहीत. मी मुद्दाम बेसमेंट फिनिश्ड नसलेली घरं निवडली. हे सगळं सुनावणीच्या किमान सात दिवस आधी बोर्डाला आणि असेसरला द्यायचं, नाहीतर त्या दिवशी ते पुढे करता येत नाही. पैसे देऊन अप्रेझरचा (घराची किंमत काढणाऱ्या व्यावसायिकाचा) रिपोर्ट घेणार असाल तर अप्रेझर स्वतः सुनावणीला यायला हवा, नुसता कागद चालत नाही.

त्याआधी एक हिशोब करून बघा. प्रत्येक गावाचं दर वर्षीचं एक गुणोत्तर जाहीर होतं. समजा ते ८० टक्के आहे. म्हणजे साधारणपणे घरं बाजारभावाच्या ८० टक्क्यांवर लावलेली आहेत. त्या ८० च्या वर ८० चेच १५ टक्के, म्हणजे १२, एवढी सूट, म्हणून वरची मर्यादा ९२ टक्के. तुमचं असेसमेंट ४ लाख ८० हजार आणि खरी किंमत ५ लाख असेल, तर ते ९६ टक्के झालं, मर्यादेबाहेर, आणि ते ८० टक्क्यांवर म्हणजे ४ लाखांवर येऊ शकतं. पण खरी किंमत ५ लाख ३० हजार निघाली तर ते ९० टक्क्यांच्या आसपास, मर्यादेत, आणि काहीच कमी होत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला इथंच नकार मिळाला. हिशोब आधी केला असता तर त्यांचे श्रम वाचले असते.

आमची सुनावणी झालीच नाही. पुरावे पाठवल्यावर असेसरचा स्वतःहून फोन आला. इतके दिवस खिडकीपलीकडे न दिसलेला माणूस घरी आला, बेसमेंट बघितलं, आणि आकडा कमी करायला तयार झाला. दोघांनी सही केलेला समझोता बोर्डानं मंजूर केला. वर्षाला साधारण नऊशे डॉलर कमी झाले. कार्डावरची ती बाथरूमची ओळ गेलेली बघितली तेव्हा पैशांपेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला, आणि मी ते एकटीनं केलं याचा मला अभिमान आहे.

राहून गेलेलं थोडं: बोर्डाचा निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येतं. निकाल लागला की, गावात पुनर्मूल्यांकन झालं नाही आणि घरात मोठा बदल केला नाही, तर तो आकडा सहसा पुढची दोन वर्षं धरला जातो. ‘अँकर’ ही राज्याची टॅक्समधली सवलत वेगळी आहे, अपील केलं तरी तिच्यावर परिणाम होत नाही. गेली काही वर्षं घरमालकांना उत्पन्नानुसार दीड हजार किंवा एक हजार डॉलर मिळत आलेत, ६५ आणि त्यापुढच्यांना २५० जास्त. स्कूल बजेटवरची शेवटची जाहीर सुनावणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात असते. आमच्याकडे संगीताचा वर्ग वाचला, बस गेली.

आणि टॅक्स मॉर्गेज कंपनी भरत असेल तर निकालाची प्रत त्यांना स्वतः पाठवा. टाउन त्यांना कळवेल या भरवशावर राहिलात तर एस्क्रोचा (टॅक्ससाठी त्या कंपनीकडे दर महिन्याला जमा होणारा) हप्ता जुन्याच आकड्यावर कापला जातो.