काउन्सेलिंग राहिलं बाजूला, चार महिने नुसते शोधण्यात गेले: माझा अनुभव

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका रात्री भांडी घासता घासता बायको म्हणाली, आपण कुणाकडे तरी जाऊया, काउन्सेलरकडे. तेव्हा भांडण चालू नव्हतं, उलट अकरा दिवस अबोला होता आणि बाराव्या दिवशी तोंडातून आलेलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं बरं, बघ कोणी मिळतंय का. झालं. तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "नाही. हे तू शोध. मुलीची शाळा मी शोधली, आईंचा डोळ्यांचा डॉक्टर मी शोधला, प्लंबर, गॅसवाला, ट्युशन सगळं मी. हे एक तू शोध."

म्हणून शोधणारा मी. ज्यांना हे करायचंय पण कुठून सुरू करायचं कळत नाही त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मला चार महिने लागले आणि त्यातला निम्मा वेळ चुकीच्या दारात उभं राहण्यात गेला.

आधी घरचं सांगतो. भांडुपला वन बीएचके, आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांपासून माझी आई. बाबा गेल्यावर आईला चिपळूणला एकटं कसं ठेवणार म्हणून मी घेऊन आलो. बायको दादरला एका सहकारी बँकेत आहे, मी मरोळला एका कंपनीत डिस्पॅच बघतो. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरचं काही नाही. नुसता अबोला. आधी दोन दिवसांचा असायचा मग चार मग आठवडा, आणि मुलगी मधल्या मध्ये पोस्टमन, "बाबा, आई विचारते डब्याला काय."

आमच्याकडे ह्यावर जुना उपाय म्हणजे बैठक. ती एकदा झालीही होती. मामा आले, चहा झाला, पोहे झाले, बायको ओट्याशी उभी राहून ऐकतेय आणि मामा म्हणतायत जरा समजून घ्या एकमेकांना. मामा माझे, त्यामुळे समजून कुणी घ्यायचं ते सगळ्यांना आधीच माहीत. त्या रात्री बायको म्हणाली पुन्हा बैठक बसवलीस तर मी उठून जाईन. मित्राला विचारलं तर तो म्हणाला अलिबागला जाऊन या दोघंच. गेलो पण होतो हो त्याच्या आदल्या वर्षी, तिकडे पण अबोलाच, फक्त समुद्राच्या बाजूला.

मग पैशाचा विचार. कंपनीचा मेडिक्लेम आहे, मी फोन लावला. मला अर्धवट माहीत होतं की २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात म्हटलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजारालाही द्यायचा. पलीकडच्या माणसाने विचारलं, सर डायग्नोसिस काय आहे? मी म्हटलं आम्ही बोलत नाही एकमेकांशी. तो जरा थांबला आणि म्हणाला, सर असा कोड नाहीये. त्याचंही बरोबर आहे म्हणा, कायदा आजाराचा आहे आणि आमचं काही आजारात बसत नव्हतं, त्यात आमची पॉलिसी ॲडमिट झालात तरच, ओपीडीला काही नाही. ऑफिसमध्ये एम्प्लॉयींसाठी फुकट काउन्सेलिंगची सोय होती, पण ती एकट्याला, बायकोला घेऊन नाही. आणि खरं सांगायचं तर एचआरला कळेल ही भीती होतीच, ते म्हणतात सगळं गुप्त असतं, असेलही, माझी हिंमत झाली नाही.

एक सकाळ सुट्टी टाकून एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत पण जाऊन आलो. केसपेपर काढला, रांगेत दोन तास. आजूबाजूला खरंच आजारी माणसं आणि त्यांना धरून बसलेले नातेवाईक, मला लाज वाटायला लागली की मी ह्यांची जागा अडवतोय. डॉक्टर चांगली होती, म्हणाली दोघं मिळून या, पण वर्किंग डेला, सकाळी. दोघांनी दर वेळी सुट्टी कुठून आणायची?

बायकोच्या बँकेतल्या एका मॅडमनी सांगितलं की फॅमिली कोर्टात मॅरेज काउन्सेलर असतात. असतात हे खरं आहे, १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यातच त्यांची तरतूद आहे आणि मुंबईचं कोर्ट बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला आहे. फक्त त्या काउन्सेलरपर्यंत पोचायला सहसा आधी केस टाकावी लागते. म्हणजे नातं टिकवायचंय म्हणून आधी कागदावर मोडायला काढा.

मग प्रायव्हेट. मुंबईत काउन्सेलर खूप आहेत, पण नकाशावर बघा ते बसतात कुठे, बांद्रा, जुहू, अंधेरी वेस्ट, दक्षिण मुंबई. भांडुप, विक्रोळी, कांजूरकडे मला मिळाले ते बरेचसे मुलांच्या अभ्यासाचे आणि करिअरचे. संध्याकाळचे स्लॉट भरलेले, रविवारी बहुतेक बंद, आणि शनिवार म्हटलं तर बायकोला दुसरा आणि चौथाच सुट्टीचा, मला तोही नाही. शेवटी दादरला एक साडेसातचा स्लॉट मिळाला. दोघांचं सेशन म्हणून तीन हजार, एकट्याचं असतं तर दोन. मी मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल, पोचलो सात पन्नासला. वीस मिनिटं गेली, फी पूर्ण. घरी आईला सांगितलं होतं की ऑफिसातल्या एकाच्या लग्नाची खरेदी आहे, आणि रिकाम्या हाताने परत आलो तेव्हा आई दारातच, "काही आवडलं नाही वाटतं?"

पण पुन्हा गेलो नाही ते उशिरामुळे नाही, भाषेमुळे. त्या मॅडम चांगल्या होत्या पण इंग्लिशमध्ये बोलायच्या, आणि आम्हाला दोघांनाही ऑफिसपुरतं इंग्लिश येतं म्हणून आम्ही पण सुरू झालो. बायको म्हणाली, आय फील नेग्लेक्टेड. मी म्हटलं, आय अंडरस्टँड. इतके सभ्य आम्ही गेल्या पाच वर्षांत नव्हतो. परत येताना ट्रेनमध्ये, दादर ते भांडुप उभ्याने, ती म्हणाली, "मला नेग्लेक्टेड नाही म्हणायचं होतं. मला म्हणायचं होतं की ह्या घरात मला कोणी विचारतच नाही." हे पोटात गेलं. त्या तीन हजारांच्या तासात नाही ते तिथे घाटकोपरच्या गर्दीत. तेव्हा ठरलं की काही झालं तरी मराठीच पाहिजे. आम्ही मराठीत भांडतो, अबोलाही मराठीतच धरतो.

एप्रिलमध्ये मी जवळजवळ सोडून दिलं होतं. एका रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून १४४१६ ला फोन लावला, टेलिमानस, सरकारची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने आधी विचारलं जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, घरात कोणी कोणाला मारतं का. नाही म्हटल्यावर अर्धा तास ऐकून घेतलं. हे कपल काउन्सेलिंग नाही हे तिनेच सांगितलं, पण शेवटी म्हणाली, "सर, हे जे मला सांगताय ते मॅडमना सांगितलंय का?" मी म्हटलं नाही. तसंच टिसचं, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं, आयकॉल आहे, २०१२ पासून, फोनवर, ईमेलवर, चॅटवर, तेही मोफत. रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं त्या वेळी एकट्याला ह्या दोन गोष्टी खरंच उपयोगी आहेत.

मग ऑनलाइन. इथे एक सावधगिरी. रिलेशनशिप कोच, हीलर, मॅरेज एक्सपर्ट अशी पाटी कोणीही लावू शकतं. मला एकाने पहिल्याच फोनवर एकवीस दिवसांचं पॅकेज सांगितलं, आज भरलेत तर डिस्काउंट, मी फोन ठेवला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्यांची रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया ह्या सरकारी संस्थेकडे नोंदणी असते, नंबर असतो, तो मागता येतो आणि वेबसाइटवर बघता येतो. काउन्सेलर बरेचदा नुसतं सायकॉलॉजीत एमए झालेले असतात आणि त्यातले कितीतरी उत्तम असतात, पण मग विचारायचं की दोघांना एकत्र बसवून काम करायचं ट्रेनिंग कुठे घेतलंत. विचारायला मला फार अवघड वाटलं, असं वाटलं आपण कोण विचारणारे. ज्यांना राग आला त्यांच्याकडे गेलो नाही.

शेवटी नाशिकच्या एक मॅडम मिळाल्या. रजिस्ट्रेशन होतं, मराठी होती, तासाला चौदाशे, आधी यूपीआय करायचं, चोवीस तासांच्या आत कॅन्सल केलं तर पैसे गेले. पंधरा मिनिटांचा पहिला फोन फुकट. त्यातच अटी सांगितल्या: दोघं एका स्क्रीनमध्ये दिसले पाहिजेत, खोलीत तिसरं कोणी नको, रेकॉर्डिंग नाही, कुठे बसलाय तो पत्ता आणि जवळच्या एकाचा नंबर द्यायचा. आणि एकाने मागून फोन करून काही सांगितलं तर ते मी दुसऱ्यापासून लपवून ठेवणार नाही, हे आत्ताच सांगते.

सुरुवातीला त्या दोघांशी वेगवेगळं बोलल्या. बायकोला त्यांनी विचारलं होतं की घरात नवऱ्याची भीती वाटते का. मला नंतर कळलं तेव्हा राग आला, मी काय राक्षस आहे का? पुढच्या वेळी मी तसं बोललो तर त्या शांतपणे म्हणाल्या की मी हे प्रत्येक जोडप्याला विचारते, आणि तुम्हालाही विचारलं होतं. आठवलं, विचारलं होतं खरं, मी हसण्यावारी नेलं होतं. जिथे हात उचलला जातो तिथे एकीने समोर खरं बोललं की स्क्रीन बंद झाल्यावर ते तिलाच महाग पडतं, म्हणून तिथे दोघांना एकत्र बसवत नाहीत. त्यासाठी वेगळी मदत आहे, १८१ हेल्पलाइन आहे, आणि टिसने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये सुरू केलेला स्त्रियांसाठीचा विशेष कक्ष आहे. कोणाला गरज असेल तर आधी तिथे.

आता सगळं जमलं असं वाटलं आणि मग कळलं की खोलीच नाही. नाशिक भांडुपला आलं पण दार कुठून आणणार? बेडरूमला दार आहे, पण आई हॉलमध्ये सिरियल बघते आणि टीव्हीचा आवाज कमी झाला की समजायचं ती ऐकतेय. मुलगी तर दर पाच मिनिटांनी पाणी मागत येते. तिसऱ्या मजल्यावरचा मित्र मर्चंट नेव्हीत आहे, त्याची वॅगनआर खाली उभी असते आणि आठवड्यातून एकदा स्टार्ट करायला चावी माझ्याकडे. तर आमची सगळी पहिली सेशन्स त्या गाडीत. बुधवारी रात्री आठला, मोबाईल डॅशबोर्डवर टेकवलेला, काचा वर, घामाच्या धारा, आणि वॉचमन टॉर्च मारून बघतोय की साहेब आणि मॅडम गाडीत बसून रडतायत का. जूनमध्ये पाऊस लागला की पत्र्यावर असा आवाज की मॅडम म्हणायच्या, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणावं लागायचं आणि दुसऱ्यांदा म्हणताना ते आपोआप कमी टोचणारं व्हायचं, हा पावसाचा फायदा. एकदा ती रडत असताना नेटवर्क गेलं आणि स्क्रीनवर मॅडमचा अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा तसाच अडकून राहिला, आम्ही दोघंही हसलो.

तिसऱ्या सेशनचं सांगतो. पद्धत अशी की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी आपण काय ऐकलं ते सांगायचं. बायको म्हणाली, "आई आल्या त्याचं मला काही नाही. मला विचारलं असतंस तरी मी हो च म्हटलं असतं. पण मला हो म्हणायला मिळालं नाही." मी म्हटलं, ती म्हणतेय की आईला आणून मी चूक केली. मॅडम म्हणाल्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी पुन्हा म्हटलं, ती म्हणतेय मी तिच्या मनाचा विचार करत नाही. नाही, असंही नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा मी तिचंच वाक्य जसंच्या तसं म्हटलं, तिला हो म्हणायला मिळालं नाही, आणि माझ्या घशात काहीतरी अडकलं, कारण मी तिला ते सांगितलं होतं फोनवर, विद्याविहारला गाडी थांबली होती तेव्हा, दीड मिनिटात. आई येतेय आपल्याकडे, एवढंच.

आठव्या सेशननंतर आईने विचारलं, दर बुधवारी गाडीत बसून काय करता रे, गॅलरीतून दिसतं मला. मी सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं आता तिचाही अबोला सुरू. पुढच्या बुधवारी पावणेआठला तिने नातीचा हात धरला, चप्पल घातली आणि म्हणाली, आम्ही खाली बसतो, तुम्ही वर बसा, गाडीत डास चावतात.

आता तीन आठवड्यांतून एकदा असतं. मागच्या महिन्यात पुन्हा अबोला झाला, दोन दिवसांचा, मुलीच्या गॅदरिंगच्या तारखेवरून, आणि तो माझ्यामुळेच होता. परवा गेटवर वॉचमनने थांबवलं आणि काळजीने विचारलं, "साहब, आजकल गाडी में नहीं बैठते, सब ठीक है ना?"