आमची वाटचाल: वीस मायक्रॉन

1994 साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एक जुना सहाफुटी लेथ टाकला. पुढं गोकुळ शिरगावात शेड झाली, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली. ते सगळ्यांचंच होतं. सांगायचंय ते 2006 च्या रिजेक्शनचं, म्हणजे गिऱ्हाइकानं माल नापास करून परत पाठवला त्याचं.

पंपाचं बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसायचं घर. त्याचं बोअर, म्हणजे आतलं भोक, 52 एच 7: 52 मिलिमीटरच्या वर शून्य ते 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतं. सहाशे नग परत आले, बेअरिंग बसेना. पेमेंट अडकलं, बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, आधीच भरलेली. सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि पहिलं वाक्य मीच टाकलं, "सेकंड शिफ्टला लक्ष नसतं." मिस्त्रींनी मान हलवली. ते रोज माझ्यासोबत चहा घ्यायचे, खंडेनवमीचा नारळही त्यांच्याच हातचा. त्यांची हलली की बाकीच्यांची हलायचीच. सेकंड शिफ्टचा पोरगा खाली बघत उभा. त्यावरूनच मी चूक त्याची ठरवली. (वर बघून बोलला असता तर उर्मट म्हणालो असतो.) शनिवारी त्याचा हिशोब करून टाकला.

गिऱ्हाइकाकडचे इन्स्पेक्शनवाले काका लुनावरून आले. कुणाचं काम, हे विचारलंच नाही. "प्लग गेज आणा." हे गेज म्हणजे बोअर तपासायचा गोल दांडा; त्याची 'गो' बाजू आत गेली की बोअर लहान नाही असं धरायचं. काकांनी डबीतून 50-75 मिलिमीटरचा मायक्रोमीटर काढला, फडक्यानं पुसला, गो बाजूला लावला. रॅचेट तीनदा वाजलं. 51.98, म्हणजे 52 ला वीस मायक्रॉन कमी. गेजच झिजलेलं! बोअर लहान असलं तरी गो आत जायचं. त्यात फर्स्ट शिफ्टचे, म्हणजे मिस्त्रींचेही नग होते. लहान म्हणून वाचलो, बोअर परत कापून मोठं करता आलं. मोठं असतं तर सगळं भंगारात. काकांनी आठ दिवसांची मुदत मिळवून दिली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पोराला तोवर पलीकडच्या गल्लीतल्या एकानं उचललं. तो उचलणारा माझाच जुना भागीदार, माझ्याच गाळ्यात ड्रॉइंग वाचायला शिकलेला. आज लोक म्हणतात त्यांचं बोरिंगचं, म्हणजे बोअर कापायचं, काम आमच्यापेक्षा सरस. म्हणोत. मी पोराला परत बोलवायला गेलो, तर तो म्हणाला, "मालक, तवा मला इचारलासा कुठं? गोचं तोंड घासलंय म्हणून मिस्त्रींना दोनदा बोललो हुतो."

नव्या कारखानदारांनो, गेजवर नंबर टाका, महिन्याला मोजा. आणि रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये सगळ्यात नवख्याला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी.

खंडेनवमीचा नारळ आता चिठ्ठी काढून फोडतो. पहिल्या वर्षी हेल्परची चिठ्ठी निघाली, तेव्हा मिस्त्री दोन दिवस चहाला आले नाहीत.