पावसाची टाळी

आमच्या शाळेत गॅदरिंगच्या पाहुण्यांचं स्वागत पावसाच्या टाळीने व्हायचं. आधी तळहातावर एक बोट, मग दोन, तीन, चार, आणि मग अख्खा पंजा. सर बोटांनी खूण करतील तसा पटांगणात पाऊस वाढायचा आणि तसाच उतरत उतरत एका बोटावर येऊन थांबायचा. समूहगीतात मला मागच्या रांगेत उभं करून "तू नुसते ओठ हलव" असं बजावलेलं असे. पावसात मात्र माझी बोटं सगळ्यांच्या बरोबरीची.

हे मी पार विसरले होते. आठवलं ते थेट कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळच्या एका हायस्कूलच्या सभागृहात, लेकीच्या कॉयरच्या, म्हणजे समूहगान करणाऱ्या गटाच्या कार्यक्रमात.

दर मे महिन्यात हा कार्यक्रम असायचा. आठवडाभर आधीपासून घरात त्या लांब काळ्या झग्याच्या इस्त्रीची धांदल. सभागृहाबाहेर पालकांनी केलेल्या खाऊचं टेबल लागे, त्या विक्रीतून मुलांच्या सहलीला हातभार. माझ्याकडे शंकरपाळे. ते मध्यंतराच्या आत संपायचे, हे सांगायचा मोह आवरत नाही.

पहिल्या वर्षी, २०१७ मध्ये, मी दीड तास फक्त लेकीचा आवाज शोधत बसले. सापडला नाही. परतताना गाडीत जरा खट्टू होऊनच म्हटलं, "अगं, तुझा आवाज काही ऐकू आला नाही." तर बाईसाहेब खूश! "खरंच नाही आला?" त्यांच्या बाईंनी महिनाभर हेच घोटून घेतलं होतं, की स्वतःपेक्षा शेजारणीचा आवाज जास्त ऐकू आला पाहिजे. आमच्या इथल्या मराठी मंडळात एकदा हातात आलेला माइक कुणी खाली ठेवत नाही, त्यामुळे मला हे पचायला एक वर्ष लागलं.

तिसऱ्या वर्षी त्यांनी अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटॅकरची 'क्लाउडबर्स्ट' (म्हणजे ढगफुटी) ही रचना घेतली. मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ यांच्या कवितेतले स्पॅनिश शब्द, आठ भागांत विभागलेले आवाज, एकमेकांत मिसळून धुक्यासारखे तरंगणारे. मग हातातल्या घंटा किणकिणल्या, टांगलेला पत्रा हलवून कुणीतरी गडगडाट केला, आणि रांगारांगांतली मुलं चुटक्या वाजवू लागली. थोड्या, मग जास्त, मग मोजता येणार नाहीत इतक्या. मे महिन्यात तिकडे आभाळ कोरडं ठणठणीत असतं, तरी माझ्या शेजारच्या आजोबांनी वर छताकडे पाहिलं. माझं एक बोट केव्हाच तळहातावर पडायला लागलं होतं.

घरी आल्यावर मी या व्हिटॅकरच्या मागेच लागले. १९७० मध्ये नेवाडातल्या रीनो गावी जन्म. अठराव्या वर्षी लास व्हेगासच्या विद्यापीठात आला तेव्हा याला धड स्वरलिपी वाचता येत नव्हती, डोक्यात पॉपस्टार व्हायचं खूळ. मित्राने आमिष दाखवलं, की कॉयरची मेक्सिकोला फुकट सहल आहे आणि सोप्रानोंमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या सुरात गाणाऱ्यांमध्ये, सुंदर मुली आहेत. हा गेला. पहिल्याच तालमीत मोत्झार्टच्या 'रेक्विएम' या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतातला 'किरिए' हा भाग निघाला आणि त्या दिवसापासून गडी कामातून गेला. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत रीतसर शिकला. 'क्लाउडबर्स्ट' त्याच्या विशीतलीच, तीही एका हायस्कूलच्या कॉयरसाठी लिहिलेली. उत्तर कॅलिफोर्नियात दौऱ्यावर असताना असाच कोसळणारा पाऊस पाहून ती सुचली. त्या चुटक्या कुठून आल्या, तर शेकोटीभोवती मुलं खेळतात त्या जुन्या खेळातून. म्हणजे पावसाची टाळीच की! (पाझ १९६२ ते ६८ मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते, म्हणून मी लगेच वळवाशी नातं जोडायला निघाले. पण कविता त्याआधीची निघाली. असो.)

लेकीची आवडती होती त्याचीच 'स्लीप'. तिची गोष्ट मला रचनेइतकीच आवडते. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या बर्फातल्या जंगलाच्या कवितेला त्याने चाल लावली, आणि नंतर कळलं की हक्क असलेली मंडळी परवानगी देणार नाहीत. चाल टाकवेना. मग त्याचा कवीमित्र चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री याने त्याच चालीवर, त्याच वृत्तात नवे शब्द बसवले. चालीवर शब्द लिहिणं आपल्याकडे सिनेमावाल्यांच्या रोजच्या पानातलं, त्यामुळे या जोडीबद्दल मला उगीच घरोबा वाटतो.

त्या उत्साहात २०१९ च्या गणेशोत्सवात आम्ही मंडळात दोन सुरांत आरती बसवायचं ठरवलं. तालीम आमच्या गॅरेजमध्ये, शिकवायला लेक. खालच्या सुराची मंडळी दुसऱ्याच ओळीला वरच्या सुरात जाऊन बसत. त्यांचा दोष नाही. एकाने सूर धरला की बाकीच्यांनी तोच उचलायचा, यावर आपले कान वाढलेले. "काका, तुम्ही त्यांच्यामागे जाऊ नका," हे लेकीने किती वेळा सांगितलं असेल! कार्यक्रमात आरती शेवटी एकाच सुरात झाली. पण सुरुवातीला आम्ही पावसाची टाळी ठेवली होती, आणि ती सगळ्या सभागृहाने उचलली. पहिल्या रांगेतल्या आज्याही एक बोट, दोन बोटं करत होत्या.

२०२० चा मे महिना कोरोनामुळे कोरडाच गेला. लेकीचं शाळेतलं शेवटचं वर्ष, काळा झगा कपाटात. व्हिटॅकरचा 'व्हर्च्युअल कॉयर' तोवर दहा वर्षांचा झाला होता. २०१० मध्ये बारा देशांतल्या १८५ जणांनी आपापल्या घरी गाऊन पाठवलेलं त्याने एकत्र जुळवलं होतं. आता 'सिंग जेंटली' या नव्या रचनेसाठी त्याने पुन्हा हाक घातली. लेकीने कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्डिंग केलं, कारण कोटांमुळे आवाज घुमत नाही. पहिलं माझ्या कुकरच्या शिट्टीने वाया गेलं. दुसऱ्या वेळी मी गॅस बंद करून, श्वास रोखून जिन्यात उभी राहिले.

जुलैमध्ये व्हिडिओ आला. १२९ देश, १७,५७२ गाणारे. चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे. आम्ही टीव्हीवर थांबवून थांबवून पाहिलं. लेक दिसली नाही, आवाज ओळखू येण्याचा तर प्रश्नच नव्हता. तेवढ्यात साताऱ्याहून आईचा फोन.

"दिसली बरं का मला! डावीकडे, वरून तिसऱ्या रांगेत. केस विंचरले नव्हते तिने."