मिरगाच्या आधीचा रविवार

आमच्या खानापूर तालुक्यात एकदा मिरग लागला की भाताच्या कामात कुणाला कुणाकडं बघायला वेळ नसतो, म्हणून मंडळाचं हे गॅदरिंग त्याच्या आधीच्या रविवारी असतंय, देवळाच्या मंडपात. पीयूसी (म्हणजे बारावी) पास होऊन बेळगावला डिग्रीला जाणारी पोरंपोरी, त्यांचे आईवडील, आणि आधीच तिथं शिकत असलेले सगळे दादा-ताई. भाषणं थोडकीच. एक वही, एक गुलाबाचं फूल, उप्पीट आणि चहा झाला की सतरंजीवर गोल करून बसायचं, आणि मला विचाराल तर खरा कार्यक्रम तिथनं सुरू व्हायचा.

पहिली बैठक कागदांची. मार्क्सकार्ड, टीसी, स्टडी सर्टिफिकेट, कास्ट-इन्कम म्हणजे जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. ज्यानं नाडकचेरीतनं (महसूल खात्याचं गावाकडचं ऑफिस) कास्ट-इन्कम काढलं नसेल त्याला उद्या सकाळी पहिल्या गाडीनं जा म्हणून सांगायचे, कारण स्कॉलरशिप असू दे नाहीतर बीसीएम हॉस्टेल (मागासवर्गीय पोरांचं सरकारी हॉस्टेल), त्याच्यावरच अडतंय. आमची बरीच पोरं मराठी शाळेतली, कन्नड वाचता येतं पण सरकारी फॉर्मातलं कन्नड अवघड, मग एक ताई हॉस्टेलचा फॉर्म मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची, शेजारी बसलेल्या आयांनाही कळेल असं. आदल्या वर्षी हीच ताई नवीन म्हणून आली होती आणि दुसऱ्या कुणीतरी तिला वाचून दाखवलं होतं, मला या गॅदरिंगमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

हॉस्टेल नाही लागलं तर रूम. यावर तर तास तास जायचा. टिळकवाडीत कॉलेज जवळ पण भाडं जास्त, रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं करत जेवढं पुढं जाल तेवढं स्वस्त, अनगोळला पाणी कधी येतं ते मालकाला आधी विचारा, वडगाव-शहापुरात विणकरांच्या घरात खोली मिळते, माणसं जिवाभावाची पण मागाची खटखट रात्रीपण चालू असते, चार दिवसांत सवय होते. (खरंच होते, मी तिथं राहिलोय, सुट्टीत घरी आलो की उलट झोप लागायची नाही.) कोण कुणाबरोबर राहणार, स्टोव्ह कुणाचा, घरनं तांदूळ किती आणायचे हे तिथंच ठरायचं. आणि पोरींच्या बाबतीत एखादी ताई सरळ म्हणायची, काकू, माझ्याच खोलीत राहू दे तिला, काळजी करू नका. त्या काकूंचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही!

मग विषय. बीएस्सीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) का सीबीझेड (केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी), बीएला एचईपी (इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र) घ्यायचं का दुसरं काही. तेव्हा तिन्ही विषय तिन्ही वर्षं सारखेच असायचे, त्यामुळं दादा लोक बजावून सांगायचे की मित्रानं घेतलं म्हणून गणित घेऊ नको, ते शेवटपर्यंत सुटत नाही. आणि भाषेच्या रकान्यात मराठी लिहा, हे प्रत्येकाला. पुरेशी पोरं असली तर वर्ग चालतो, नाहीतर बंद पडतो, आणि बंद पडलेला वर्ग परत सुरू करणं किती अवघड असतं हे आम्ही सीमाभागातली माणसं चांगलं जाणतो. मला अजून वाटतं, त्या बैठकीतलं हे सगळ्यात मोलाचं सांगणं.

आमच्या वेळी युनिव्हर्सिटी धारवाडची, काही अडलं की धारवाड गाठायचं. 2010 ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि ती खेप वाचली. आता तर अ‍ॅडमिशन यूयूसीएमएस या सरकारी पोर्टलवर, मोबाईलवरनं. 2021 ला डिग्रीचे विषय बदलले, चार वर्षांचं आलं, 2024 ला परत तीन वर्षांचं झालं, एवढ्या बदलात घरच्यांना काय कळणार, म्हणून उलट आता मंडप जास्त भरतो. ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो आणि वडील शेतात असतात, तर फोन घेऊन त्यांनाच बोलवून आणतात पोरं!

यंदाही बैठक आहे. बेळगावात कुणाची खोली या महिन्यात रिकामी होत असेल तर बाहेर बोर्ड लावायच्या आधी मंडळाच्या पोरांना कळवा, दोन मुली अजून जागा शोधताहेत, तिसऱ्या गेटच्या अलीकडं मिळाली तर फार बरं होईल.