दिवाळीच्या यादीतली सतरावी ओळ

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पगारपत्रकं करते. कास्टिंगवर मशीनिंगचं काम, ऐंशीच्या आसपास माणसं. नवी वेतन संहिता यायच्या आधीची ही गोष्ट, 1965 चा बोनस कायदा चालू होता तेव्हाची. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. यादी घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले, तर त्यांनी धड वाचलीही नाही. लाल पेन काढलं आणि सतराव्या ओळीवर आडवी रेघ मारली.

ते नाव मशीन शॉपच्या सुपरवायझरांचं. नऊ वर्षांची नोकरी. चाकणला बरी जागा मिळाली म्हणून आठवड्यापूर्वीच त्यांनी महिन्याची नोटीस दिली होती.

"निघालेल्या माणसाला कसला बोनस, मॅडम? ती माझी खुशी असते."

खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आधीच्या दोन दिवाळ्यांत राजीनामा दिलेल्या तिघांची नावं मीच गाळली होती, तीसुद्धा कुणी न सांगता. नेमणूकपत्रात तसं कलमच होतं. शिवाय यांचा पगार 31,000, कायद्याची मर्यादा महिना 21,000.

दुपारी ते स्वतः आले. कपड्यांना कूलंटचा वास, हातात पगाराची स्लिप. आवाज चढवला नाही.

"मॅडम, हा बोनस गेल्या मार्चपर्यंतचा न्हवं का? तवा तर मी हितंच हुतो की."

एवढं बोलून गेले. मी खुर्चीतच बसून राहिले. बारा वर्षं बोनस काढतेय, पण कायद्याचं पुस्तक कपाटाबाहेर काढलं ते त्या दिवशी.

बोनस बुडायची कारणं त्यात मोजकी दिली होती: लबाडी, कारखान्याच्या आवारात दंगा किंवा मारामारी, मालमत्तेची चोरी, अफरातफर नाहीतर घातपात. राजीनाम्याचा उल्लेख कुठेच नाही. वर्षात निदान तीस दिवस काम केलेलं हवं, बस्स. आणि नेमणूकपत्रात काहीही लिहिलेलं असो, कायदा त्याच्या वरचढ.

पण 21,000 चं काय? तिथं माझी नजर त्यांच्या स्लिपवर गेली. बोनससाठी पगार म्हणजे फक्त बेसिक आणि महागाई भत्ता. घरभाडं, प्रवास, 'इतर भत्ता' हे त्यात धरायचंच नाही. आणि आमच्याकडे पीएफ कमी भरावा लागावा म्हणून सल्लागाराच्या सांगण्यावरून बेसिक अगदी दाबून ठेवलेलं. सुपरवायझरांचं दोन्ही मिळून 14,800! बाकी सगळा भत्त्यांचा फुगवटा. वाचवायला गेलेले पैसे असे दुसऱ्या दारानं बाहेर निघाले.

संध्याकाळी पुस्तक घेऊनच केबिनमध्ये गेले. शेठनी ते कलम दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"किती बसतात?"

किमान 8.33 टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा. तोही पूर्ण पगारावर नाही. 7,000 किंवा किमान वेतन, यात जे जास्त त्यावर. थोडक्यात, एका महिन्याचं किमान वेतन. त्या साली स्टाफला 25,000 मिळणार होते, पण त्यातला वरचा भाग सानुग्रह. तो द्यायचं कुठं लिहून दिलेलं नव्हतं, दरवर्षीचा आकडाही वेगळा. शेठची खुशी खरी, पण ती एवढ्यापुरतीच. ती त्यांनी दाखवली नाही, आणि तिथं मला बोलायला जागाही नव्हती. त्या रात्री यादी पुन्हा टाइप केली, एका रकान्याचे दोन केले. जुन्या तिघांच्या फाइली काढून ठेवल्या. त्यांचं काय करायचं ते शेठनी "दिवाळीनंतर बघू" म्हणून टोलवलं.

शेवटच्या दिवशी सुपरवायझर सगळ्यांना भडंगाच्या पुड्या वाटत आले. टेबलाशी थांबून म्हणाले, "सानुग्रह न्हाई तर न्हाई. मिळालं ते हक्काचं मिळालं."

"बँकेचं खातं बंद करू नका," मी म्हटलं. "एप्रिलपासूनचे सात महिने पुढच्या दिवाळीला धरायचेत."

ते हसायला लागले. "शेठना सांगितलंय का?"

"अजून नाही."