राखीव खेळाडू नसलेली शाळा

आईचा रविवारचा फोन ठरलेला. "शाळा काय म्हणते?" हा तिचा पहिला प्रश्न. मुख्याध्यापकाची बायको म्हणून जन्म काढलेल्या बाईला मुलगी सातासमुद्रापार असली तरी आधी शाळेचीच खुशाली लागते. जेवणखाण, थंडी, परत कधी येणार, हे सगळं त्यानंतर. या सत्रात सांगायचं इतकं साठलं, की फोनवर तिला ते पुरेना आणि मला ते आवरेना. म्हणून लिहायला बसले.

आमची शाळा नेब्रास्का राज्याच्या पश्चिम टोकाकडे आहे. शिक्षकांच्या जे-१ व्हिसावर गणित शिकवायला आले, त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. नववी ते बारावी मिळून मुलं ४३. तासगावला माझ्या एका तुकडीत ६५ होती, त्यामुळे पहिल्या दिवशी हजेरी घेताना मला वाटलं, बाकीची पोरं उशिरा येत असतील. माझ्या आडनावात 'ळ' आहे. दोन दिवस सगळ्यांनी प्रामाणिकपणे जीभ वळवून पाहिली, मग हात टेकले, आणि मी 'मिसेस के' झाले ती झालेच.

गाव म्हणजे धान्य साठवायचे सिमेंटचे उंच मनोरे, पोस्ट, एक पेट्रोल पंप, दोन चर्च आणि शाळा. इकडच्या शाळांच्या नावांत मधे आडवी रेघ फार दिसते. वॉनीटा-पॅलिसेड, डन्डी काउंटी-स्ट्रॅटन, अशी. पोरं कमी झाली की शेजारपाजारच्या शाळा एकत्र होतात आणि नावं रेघेनं जोडली जातात. आमच्या नावात अजून रेघ नाही. गावातली म्हातारी माणसं त्या रेघेला साखरपुड्याआधीच्या बोलणीसारखी घाबरून असतात. विषय निघाला, की कुणीतरी कॉफी आणायला उठतंच.

ऑगस्टमध्ये सत्र सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात मला शुक्रवारी संध्याकाळी गेटवर तिकिटं फाडायला बसवलं. खेळ फुटबॉल, पण अमेरिकन, आणि तोही सहा जणांचा. टीव्हीवर दिसतो तो अकरा जणांचा. १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, याच राज्यातल्या चेस्टर गावच्या स्टीफन एपलर नावाच्या शिक्षकानं सहा जणांत खेळता येईल असा हा प्रकार काढला, कारण अकरा धडधाकट मुलगे लहान शाळांनी आणायचे कुठून? पहिला सामना हेब्रनला झाला. मैदानही आटोपशीर केलं, ८० यार्ड लांब, ४० यार्ड रुंद. मोठ्या खेळात चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं, इथे १५. सहाच्या सहा जणांना पास झेलता येतो, त्यामुळे मैदान मोकळं, पळापळ जबरदस्त आणि धावफलक क्रिकेटसारखा चढता. अर्ध्या वेळेनंतर एक संघ ४५ गुणांनी पुढे गेला की खेळ तिथेच संपवतात. हा नियम मला फार आवडला. हरणाऱ्याची लाज झाकायची सोय नियमातच आहे.

कबड्डीवर वाढलेल्या मला हा खेळ पटकन कळला. कळायला वेळ लागला तो मैदानाबाहेरच्या मामल्याला. राखीव खेळाडू म्हणून कठड्याजवळ उभे असतात तीन किंवा चार. मध्यंतरात बँडची धून वाजवायची वेळ आली, की घामानं निथळलेला एक खेळाडू हेल्मेट गवतावर ठेवतो आणि ट्रम्पेट घेऊन रांगेत जाऊन उभा राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं गंमत करतोय. पण तो गेला नाही तर ट्रम्पेटच वाजणार नाही.

खाण्याच्या खिडकीत पालक आळीपाळीनं उभे राहतात. तिथला खास पदार्थ 'वॉकिंग टाको'. मक्याच्या चिप्सची छोटी पुडी आडवी कापायची, तिच्यातच गरम खिमा, चीज, टोमॅटो घालायचं आणि काट्यानं खात हिंडायचं. माझ्यासाठी खिम्याऐवजी राजमा घालतात. भेळेच्या पुडीची ही दूरची चुलत बहीणच, फक्त चिंचेचं पाणी विसरून आलेली.

आता एक प्रकरण सांगते, ज्यामुळे सप्टेंबरात माझी झोप उडाली होती. इथे दर आठवड्याला शिक्षकांनी गुण भरायचे आणि जो मुलगा नापासात असेल त्याला त्या आठवड्यात सामना खेळता येत नाही. यादी सोमवारी लागते. माझ्या बीजगणितातला नववीचा एक मुलगा त्या यादीत गेला. संघात मुलगे दहा, त्यातला हा चांगला पळणारा. आपल्याकडे असतं तर रात्रीपर्यंत सरपंचाचा फोन आला असता. इथे कोच माझ्या वर्गाच्या दारात आला, टोपी काढली आणि एवढंच विचारलं, "तुम्ही सकाळी किती वाजता येता?" मंगळवारपासून पोरगं सातला हजर. बाहेर अंधार, त्याच्या अंगाला गोठ्याचा वास, आणि आम्ही दोघं समीकरणांपुढे जांभया देत बसलेलो.

इकडची शेतं विमानातून गोल दिसतात, कारण पाणी 'पिव्हट'नं देतात. मधे खांब रोवलेला, त्याला चाकांवरचा लांबलचक पाइप, आणि तो घड्याळाच्या काट्यासारखा शेतभर फिरतो. कोलोरॅडोत शेती करणाऱ्या फ्रँक झायबाकला १९५२ मध्ये या यंत्राचं पेटंट मिळालं. मी हुशारी करायला गेले. म्हटलं, १६० एकरांच्या चौकोनी शेतात सगळ्यात मोठं वर्तुळ काढलं तर भिजेल किती? पाय भागिले चार, गुणिले १६०, म्हणजे १२५.७ एकर. पोरानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. म्हणाला, "मिसेस के, आमच्या पिव्हटला कोपऱ्याचा हात आहे." म्हणजे मुख्य पाइपाच्या टोकाला जोडलेला आणखी एक हात, जो कोपरा आला की बाहेर उघडतो आणि पुढे गेलं की मिटतो. पुढचा अर्धा तास तो फळ्यावर आणि मी बाकावर. शुक्रवारच्या चाचणीत तो पुन्हा नापास झाला.

त्या आठवड्यात आम्ही हरलो. मला कुणी चकार शब्द बोललं नाही. फक्त पेट्रोल पंपावर एका आजोबांनी पाइप टाकीत खुपसत विचारलं, "काय, बीजगणित कसं काय?" मी म्हटलं, "सुधारतंय." ते म्हणाले, "हं." त्या 'हं'मध्ये अख्खं गाव होतं. पुढच्या सोमवारी तो काठावर पास झाला, तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त सुटले.

शाळेसमोरचं पार्किंग पाहून आपल्याकडचा कुठलाही पालक हादरेल. पिकअप ट्रकांची रांग, आणि त्यातून उतरणारी नववीतली पोरं! नेब्रास्कात गावाबाहेर लांब राहणाऱ्या मुलांना १४ वर्षं २ महिने पूर्ण झाले की शाळेत जायच्या-यायच्यापुरता वाहन परवाना मिळतो. मी माझ्या परवान्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाले, ही बातमी माझ्याआधी शाळेत पोचली होती. लहान मुलं मात्र पिवळ्या बसनं येतात. अमेरिकाभर ज्या पिवळ्या रंगाच्या शाळेच्या बस आहेत, तो रंग १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बैठक घेऊन ठरवला फ्रँक सिर यांनी. ते जन्मानं नेब्रास्काचे आणि इथल्याच चॅपेल गावच्या शाळांचे एकेकाळचे अधीक्षक. इतक्या आडबाजूला राहून जगाच्या ओळखीची एखादी गोष्ट शेजारी निघाली की उगाच छाती फुगते. दुसऱ्याचं गाव असलं तरी.

ऑक्टोबरात मक्याची काढणी लागली आणि वर्ग विरळ झाले. याच सुमारास शाळेत निळी जॅकेटं दिसायला लागतात. जाड कॉर्डरॉयची, पाठीवर सोनेरी अक्षरांत राज्याचं नाव आणि छातीवर मुलाचं. ही 'एफएफए'ची, म्हणजे भावी शेतकऱ्यांच्या संघटनेची खूण. संघटना १९२८ ची, जॅकेट १९३३ पासूनचं, मुलींना सदस्यत्व मिळायला मात्र १९६९ उजाडावं लागलं. आज आमच्या शाखेची अध्यक्ष मुलगीच आहे आणि ती सभा अशी चालवते, की आमच्या शिक्षकांच्या बैठकीला तिलाच बसवावं असं मला दोनदा वाटून गेलं. शेतीच्या विषयाबरोबर प्रत्येकानं स्वतःचा एखादा उद्योग करायचा असतो, आणि पै-पैचा हिशेब ठेवायचा. कुणी चार वासरं वाढवतं, कुणी वेल्डिंगची कामं घेतं, एकीनं अंडी विकून स्वतःच्या ट्रकचे टायर घेतले. टायरचा घसारा कसा काढायचा हे विचारायला ती माझ्याकडे आली होती.

हे बाबांना सांगितलं, तर ते पलीकडून म्हणाले, "कमवा आणि शिका." बाबांची सगळी नोकरी रयत शिक्षण संस्थेत गेली. कर्मवीर अण्णांनी कराडजवळच्या काले गावी संस्था काढली १९१९ मध्ये. शाळांतून शेतीशिक्षणाला पैसा देणारा अमेरिकेचा स्मिथ-ह्यूज कायदा १९१७ चा. दोन वर्षांच्या अंतरानं दोन टोकांना माणसं साधारण त्याच प्रश्नाशी झटत होती. हे मी बाबांना सांगितलं खरं, पण त्यांना अण्णांच्या शेजारी कुणी बसवलेलं फारसं रुचलं नाही.

जेवणाचं तेवढं सांगायचं राहिलं. थंडी पडली की शाळेच्या जेवणात चिली आणि सिनॅमन रोल एकत्र येतात. चिली म्हणजे राजमा-खिम्याचा तिखटसर रस्सा आणि रोल म्हणजे दालचिनी-साखर घातलेला, वरून पाक ओतलेला गोड पाव. एकाच ताटात! नेब्रास्काबाहेरची माणसं याला हसतात म्हणे. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्यांनी हसू नये. मी तो रोल रश्श्यात बुडवून खाते आणि त्यामुळे स्वयंपाकघरातल्या मावशींची माझ्यावर मर्जी आहे.

मुलींचा व्हॉलीबॉलही याच दिवसांत. या राज्याला त्याचं वेड किती, तर ३० ऑगस्ट २०२३ ला लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये विद्यापीठाच्या मुलींचा सामना ठेवला आणि ९२,००३ लोक आले. अमेरिकेत बायकांच्या कुठल्याही खेळाला त्याआधी एवढी माणसं जमली नव्हती. आमच्या मुली उपांत्य फेरीच्या अलीकडेच हरल्या. बसमध्ये तासभर रडल्या आणि उरलेला तासभर नाटकाचे संवाद म्हणत आल्या.

हो, नाटक! नेब्रास्कातल्या शाळांच्या एकांकिका स्पर्धा असतात हे मला गेल्या वर्षी कळलं, तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत अक्षरशः उडाले. खेळांचे सामने भरवणारी जी राज्याची संघटना, तीच एकांकिकांची फेरीही भरवते. सादरीकरणाला वेळ अर्धा तास. जिल्हा पातळीवर जिंकलं की डिसेंबरात नॉरफोकला राज्य स्पर्धा. पुण्यात कॉलेजला असताना मी दोन वर्षं पुरुषोत्तम करंडकाला पडद्यामागे होते. महाराष्ट्रीय कलोपासकची ही स्पर्धा १९६३ पासूनची, भरत नाट्य मंदिरात. तिथे नेपथ्य उचलायला माणसं इतकी असायची, की एका मोड्याला चार हात लागायचे. इथे ४३ पैकी २९ मुलं नाटकात. फुटबॉलचा कोच सुतारकाम करतो, त्याची बायको कपडे शिवते, आणि प्रकाशयोजना माझ्याकडे. "तुम्ही आधी केलंय ना?" एवढ्या एका वाक्यावर नेमणूक झाली.

तालमी रात्री साडेसातनंतर, कारण आधी खेळाचा सराव, त्याआधी शेतावरची कामं. माझा बीजगणितवाला राजाच्या दरबारातला पहारेकरी होता. त्याला एकच वाक्य आणि ते तो दर वेळी वेगळं म्हणायचा. दिवाळीची रात्र मी याच रंगमंचावर शिडीवर चढून काढली, हातात दिवा होता एवढंच समाधान. चकल्यांचा डबा मुलांनी विश्रांतीच्या दहा मिनिटांत संपवला आणि "हे काटेरी बिस्किट परत कधी?" म्हणून विचारलं.

जिल्हा स्पर्धेच्या दिवशी बसनं १३० किलोमीटर गेलो. राज्याच्या पश्चिम भागात घड्याळ एक तास मागे असतं, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला "त्यांच्या वेळेनुसार की आपल्या?" हा घोळ ठरलेला. आम्ही आमच्या वेळेनं निघालो, स्पर्धा त्यांच्या वेळेनं होती. नेपथ्य धावत लावलं. पडदा उघडायच्या आधी विंगेत मुलं गोल करून उभी होती, कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना. मी काय करतेय हे कळायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "अरे, आवाज कुणाचा?" उत्तर काय द्यायचं हे त्यांना कुठून ठाऊक असणार! पण पहारेकऱ्यानं क्षणभर विचार केला आणि हळूच म्हणाला, "आमचा?" इंग्रजीत, आणि प्रश्नचिन्हासकट. सगळे फस्सकन हसले. रंगमंचावर गेल्यावर त्यानं आपलं वाक्य अचूक म्हटलं, फक्त एक प्रवेश आधी.

आमचा तिसरा नंबर आला. नॉरफोकला पहिला जातो. परतीच्या बसमध्ये कुणी रडलं नाही, सगळे दमून झोपले होते.

सोमवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत पुढचा विषय निघाला. बास्केटबॉलचे सामने सुरू होतायत, गुणफलकाचं घड्याळ चालवणारा माणूस या वर्षी मुलीकडे डेन्व्हरला राहायला गेलाय, आता ते कोण सांभाळणार? कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी आधी कॉफीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.